कावळ्याच्या गळ्यातला मफलर

गेली अकरा वर्षे मी एका साप्ताहिकासाठी चार चौकटींची चित्रमालिका काढीत आहे. तिचा नायक एक कावळा आहे. त्याचे नाव काकासाहेब. लग्नमुंजीत कोणी माझी ओळख "हे काकासाहेबांचे चित्रकार" अशी करून दिली, की समोरचे गृहस्थ हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "हे सगळं सुचतं कसं हो तुम्हांला?" आणि दुसरा, आवाज अंमळ खाली आणून, "पण कावळाच का? दुसरं काही मिळालं नाही?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. बुधवारी सकाळी चित्र द्यायचे असते, म्हणून ते मंगळवारी रात्री सुचते. दुसऱ्याचे उत्तर मात्र हातात पेढा धरून उभ्या उभ्या देता येण्यासारखे नाही. चित्रातला प्राणी माणसासारखा वागू-बोलू लागतो म्हणजे नेमके काय होते, हे त्यासाठी थोडे बैजवार सांगावे लागते. आज दिवाळीची फुरसत आहे, फराळाचे ताटही वाचकांच्या पुढ्यात असेल. तेव्हा सांगूनच टाकतो.

कावळ्यावरचा जुना आरोप

मराठी मूल बोलायला लागते तेच मुळी चिऊ-काऊच्या संगतीत. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, तो बापडा भिजत भिजत चिमणीच्या दाराशी येतो, आणि चिमणी आपल्या बाळाचे न्हाणेमाखणे आटोपेपर्यंत त्याला बाहेर ताटकळत ठेवते. ही गोष्ट ऐकताना मला चिमणीचे कौतुक कधीच वाटले नाही. ज्याचे घर वाहून गेले त्याला पावसात उभे करायचे आणि वर गोष्टीत शहाणे ठरायचे, हा कुठला न्याय? आई म्हणायची, "अरे, गोष्ट आहे ती. झोप आता." मी झोपत असे, पण कावळा माझ्या डोक्यात भिजतच राही.

पुढे जरा कळू लागल्यावर आणखी एक गंमत ध्यानात आली. वर्षभर ज्याला आपण खिडकीतून हुसकावतो, त्याच कावळ्याला दहाव्याच्या दिवशी आपण मोठ्या मानाने बोलावतो. तो पिंडाला शिवेना झाला, की एरवी कोणापुढे मान न लववणारी माणसे हात जोडून उभी राहतात. एवढा मान आणि एवढा अपमान एकाच पक्ष्याच्या वाट्याला आला आहे. नायक व्हायला याहून अधिक काय लागते?

बरे, कावळा हा काही मी शोधून काढलेला नायक नव्हे. पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रात लघुपतनक नावाचा कावळा हिरण्यक उंदराशी मैत्री जोडतो, आणि पुढे मंथरक कासव व चित्रांग हरीण मिळून त्या चौघांची अशी जोडगट्टी जमते, की पारध्यालाही हात हलवीत जावे लागते. तिसरे तंत्र तर कावळ्या-घुबडांच्या वैराचेच आहे. त्यात कावळ्यांचा राजा आहे, मंत्री आहेत आणि खासे राजकारण आहे. आपल्या काळात यायचे तर १९८० साली मुंबईहून 'टिंकल' हे मुलांचे नियतकालिक निघू लागले. त्यातल्या कालिया कावळ्याने चमाटक कोल्ह्याचे आणि डूबडूब मगरीचे किती बेत उधळले, ते आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या वाचकांना सांगायला नको. प्रदीप साठे यांच्या चित्रांनी तो कालिया घरोघर पोहोचला. आणि थोर व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना लहानपणापासून कावळ्यांचे वेड होते, हे तर सर्वश्रुतच आहे. त्यांच्या कावळ्यांच्या चित्रांची प्रदर्शनेही झाली.

माणूस किती, कावळा किती?

प्राण्यांची चित्रमालिका काढणाऱ्यापुढे पहिला प्रश्न नाकाडोळ्यांचा नसतो, मापाचा असतो. या प्राण्यात माणूस किती घालायचा? चिमूटभर, वाटीभर, की भांडे भरून?

पंचतंत्रातले प्राणी नीतिशास्त्र बोलतात, पण अंगरखा घालीत नाहीत. लघुपतनक मित्रधर्मावर बोलेल, पण मित्र संकटात सापडला म्हणजे पंख पसरून उडेल. हे चिमूटभराचे माप झाले. दुसऱ्या टोकाला डिस्नेचा मिकी उंदीर. पडद्यावर १९२८ साली गाजलेली ही स्वारी १३ जानेवारी १९३० रोजी वृत्तपत्रांतल्या चौकटींत उतरली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात फ्लॉईड गॉटफ्रेडसन नावाच्या तरुण चित्रकाराला थोड्या दिवसांपुरते हे काम सांभाळायला सांगितले गेले. ते थोडे दिवस १९७५ पर्यंत लांबले! या मिकीला घर आहे, मोटार आहे, आणि उंदीर असूनही त्याने प्लूटो नावाचा कुत्रा पाळलेला आहे. त्याचा मित्र गूफी हाही कुत्राच. पण तो टोपी घालतो, दोन पायांवर चालतो आणि गप्पा मारतो. एका कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, दुसऱ्याच्या डोक्यावर टोपी. चाणाक्ष मुले विचारतात, हे कसे? याचे उत्तर असे, की प्रत्येक पात्राचे माप वेगळे असू शकते. फक्त ज्याचे माप त्याच्याकडे कायम राहिले पाहिजे. उद्या प्लूटो अचानक मोटार चालवू लागला, तर मुलांचा त्या सबंध जगावरचाच विश्वास उडेल.

हे माप हळूहळू कसे ठरत जाते, याचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे चार्ल्स शुल्झ यांचा स्नूपी. 'पीनट्स' ही त्यांची मालिका २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाली आणि दोनच दिवसांनी हा पांढरा कुत्रा तीत आला. आला तेव्हा तो साधे कुत्र्याचे पिल्लू होता. चार पायांवर चालायचा, मुलांच्या मागे धावायचा. १९५२ साली त्याच्या डोक्यावर प्रथम विचारांचा ढग उमटला, म्हणजे या कुत्र्याच्या मनात काय चालले आहे ते वाचकाला कळू लागले. १९५६ च्या सुमारास तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला. मग तो आपल्या लाकडी घराच्या उतरत्या छपरावर उताणा झोपू लागला, पुढे टंकलेखन यंत्र घेऊन कादंबरी लिहू लागला आणि मनातल्या मनात लढाऊ विमानही उडवू लागला. पण एक गोष्ट शुल्झनी राखली. स्नूपी माणसांशी कधी शब्दांत बोलत नाही. तो फक्त विचार करतो. वाचकाला सगळे ऐकू येते, त्याच्या मालकाला काही नाही. जवळजवळ पन्नास वर्षे, १३ फेब्रुवारी २००० च्या शेवटच्या चित्रापर्यंत, शुल्झ यांनी मदतनीस न घेता ही मालिका स्वतःच्या हाताने काढली. स्नूपी इतकी वर्षे ताजा राहिला, त्याचे मर्म मला या एका नियमात दिसते.

काकासाहेबांचे माप मी असे ठरवले आहे: ते बोलतात, पण पक्ष्या-प्राण्यांशीच, माणसांना फक्त 'काव' ऐकू येते. ते वर्तमानपत्र वाचतात, पण आपण भेळ खाऊन टाकलेला कागद मिळेल तेवढाच. पैसे वापरीत नाहीत. जिना चढत नाहीत. आणि पायजमा घालीत नाहीत.

मफलर कसा आला?

या पायजम्यावरून आमच्या घरात एक चर्चा झाली होती. सुरुवातीच्या एका कच्च्या चित्रात मी कावळ्याला धोतर, कोट, चष्मा आणि छत्री असा सगळा सरंजाम चढवून पाहत होतो. सौ. चहा ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, हा कोट घातलेला माणूस दिसतोय. कावळा कुठाय यात?"

या एका वाक्यात या विद्येचे सार आहे. प्राण्याला कपडे घातले की तो माणूस होत नाही. नुसता कपड्यांचा दांडा होतो. त्याचा माणूस त्याच्या अंगातूनच वर यावा लागतो. म्हणून मी कपडे बाजूला ठेवले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी वही घेऊन बसू लागलो. पोळीच्या तुकड्यावर रोज दोन कावळे येत. ते मी पाहू लागलो.

पाहू लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की आपला गावकावळा सगळा काळा नसतोच. त्याचे तोंड, गळ्याखालचा भाग, पंख, शेपटी काळी. पण मान आणि छाती राखी करडी. जणू एखाद्या गृहस्थाने थंडीच्या दिवसांत कानाखाली मफलर गुंडाळला आहे! देवाने दिलेला हा मफलर समोर असताना शिंप्याकडे कशाला जायचे? मी त्या करड्या पिसांना फक्त दोन-चार आडव्या रेघा दिल्या. कपडा एकही न चढवता समोर सकाळी फिरायला निघालेले, दूध आणणारे, वाटेत चारजणांना हटकणारे काकासाहेब उभे राहिले.

स्वभावही त्यांनी आपणहून पुरवला. एखादा कावळा संकटात सापडला, की आसपासचे सारे कावळे जमून कोलाहल करतात. तेव्हा काकासाहेबांना ऊठसूट सभा बोलावण्याची खोड आली. कावळा वाळलेला पाव किंवा पोळी पाण्यात बुडवून मऊ करून खातो. तेव्हा ते टोस्ट बुडवल्याशिवाय खात नाहीत. मुंबईतले कावळे घरट्याला काटक्यांबरोबर तारांचे तुकडेही लावतात. तेव्हा काकासाहेबांच्या घराचे बांधकाम 'लोखंडी' आहे, आणि शेणाच्या घराचा विषय काढलेला त्यांना मुळीच खपत नाही. कोकिळा आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात घालते, हे तर शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्यातून आला पंचम, काकासाहेबांनी वाढवलेला कोकीळ. तो मोठा झाला, गाऊ लागला आणि निघून गेला. वसंतात त्याचा आवाज दुरून ऐकू येतो तेव्हा काकासाहेब सभा थांबवतात. वाचकांना ही चित्रे विशेष आवडतात, असे त्यांच्या पत्रांवरून दिसते.

आता थोडे हातकामाविषयी. काळ्या नायकाची मोठी पंचाईत छपाईत होते. काळ्या अंगापुढे काळा पंख आला, की दोन्ही मिळून शाईचा एकच डाग दिसतो. मिकी उंदराच्या चित्रकारांपुढे हीच अडचण होती. त्याचे काळे हात काळ्या अंगावर दिसेनात. १९२९ पासून त्याला पांढरे हातमोजे मिळाले. हातमोजे घातलेला कावळा मला पटेना. म्हणून मी पंखाच्या कडेने केसाएवढी पांढरी रेघ कोरी सोडतो. ब्रशने काळे भरताना ती राखणे, हेच माझे आठवड्यातले सर्वांत सावकाशीचे काम. पंखाची टोकाची चार पिसे बोटांसारखी फाकवली, की काकासाहेब बोट दाखवतात, कपाळाला हात लावतात आणि नमस्कारही करतात. चोचीला ओठ नसल्यामुळे हसू काढता येत नाही. ते सगळे काम डोळ्यांवरच्या दोन रेघांकडे दिले आहे. रेघा वर गेल्या की आश्चर्य, आत उतरल्या की संताप, बाहेर उतरल्या की पंचमची आठवण.

प्रत्येक पात्राचा एक नमुना-तक्ता करून मी टेबलासमोर लावून ठेवतो. त्यात ते पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून आणि तिरके असे चार प्रकारे काढलेले असते. उंची डोक्याच्या मापात मोजायची. काकासाहेब तीन डोकी उंच आहेत. शिवाय एक परीक्षा ठरलेली: पात्र संपूर्ण काळे भरून नुसती सावली पाहायची. सावलीवरून ओळखू आले तर पात्र झाले. नाही तर परत खिडकीशी जाऊन बसायचे. कच्चे चित्र फिक्या निळ्या पेन्सिलीने काढतो. ब्लॉक करताना छायाचित्राच्या फिल्मवर हा निळा रंग उमटत नसे, म्हणून जुन्या चित्रकारांनी ही युक्ती काढली. आता चित्र यंत्रावर टिपले तरी तो निळा सहज गाळता येतो, तेव्हा पेन्सिल तीच राहिली आहे. आणि बोलण्याचा फुगा आधी आखावा, चित्र मागून. आपल्या देवनागरीत वेलांट्या-मात्रा वर चढतात आणि उकार खाली लोंबतात. इंग्रजी फुग्यात तीन ओळी मावतील तिथे आपल्या दोनच मावतात. त्यामुळे काकासाहेबांना स्वभावाविरुद्ध मोजके बोलावे लागते!

बाकीची मंडळी भाषेनेच पुरवली. मांजर ही वाघाची मावशी. म्हणून मनीमावशी गच्चीवर बसून सदा आपल्या जंगलातल्या थोर भाच्याचा हवाला देत असते. तो भाचा अकरा वर्षांत एकदाही भेटायला आलेला नाही. आणि कोपऱ्यात भिंतीवर एक पाल आहे. ती कधीच बोलत नाही. पण कोणी मनातले लपवून काही बोलू लागला, की तिच्या तोंडून 'चुक् चुक्' एवढी दोन अक्षरे निघतात. मनात पाल चुकचुकणे हा वाक्प्रचार ज्या भाषेत आहे, तिथे चित्रकाराला आणखी काय पाहिजे?

मुखवटा कशासाठी?

इथवर वाचून कोणी म्हणेल, ही सगळी मुलांची करमणूक झाली. तशी ती आहेच. पण प्राण्याच्या मुखवट्यातून मोठ्यांशीही बोलता येते, आणि कधीकधी ते बोलणे महाग पडते.

अमेरिकेत वॉल्ट केली यांची 'पोगो' नावाची मालिका होती. जॉर्जिया राज्यातल्या ओकेफेनोकी दलदलीत राहणारे प्राणी हे तिचे नायक. १९५३ साली केलींनी तीत एक रानमांजर आणले. त्याचा चेहरा सरळसरळ सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचा होता. त्या काळी मॅकार्थी ज्याच्यावर बोट ठेवतील त्याची नोकरी जाई, नाव बद्दू होई. भलेभले गप्प बसले होते. प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका वृत्तपत्राने कळवले, की हा चेहरा पुन्हा दिसला तर मालिका बंद करू. केलींनी काय करावे? त्यांनी प्रॉव्हिडन्सहून आलेली एक कोंबडी मालिकेत आणली आणि तिने आपला चेहरा पाहू नये म्हणून त्या रानमांजराच्या डोक्यावर पिशवी चढवली! चेहरा दिसला नाही. अट पाळली गेली. आणि जे सांगायचे ते दुप्पट जोराने सांगून झाले.

या मुखवट्याचा दुसरा, काळाकुट्ट उपयोगही जगाने पाहिला आहे. हिटलरच्या राज्यात ज्यूंना उंदीर-घुशी म्हणून रंगवले गेले. आधी माणसाला किडामुंगी ठरवायचे, मग चिरडताना हात थरथरत नाही. पुढे आर्ट स्पीगलमन या चित्रकाराने आपल्या वडिलांची छळछावणीतली कहाणी 'माउस' या चित्रग्रंथात सांगितली, तेव्हा तोच अपमान उचलून उलटा फिरवला: ज्यू सगळे उंदीर, जर्मन सगळे बोके. पण वाचता वाचता त्या उंदरांच्या तोंडावळ्यामागे एकेक निराळा, हट्टी, कंजूस, प्रेमळ, घाबरलेला माणूस दिसू लागतो, आणि सबंध जमात एका प्राण्यात बसवण्याची कल्पनाच पोकळ ठरते. १९९२ साली या कृतीला खास पुलित्झर पारितोषिक मिळाले.

हे सांगण्याचे कारण असे, की असा प्रसंग माझ्याही टेबलाशी आला होता. एका हितचिंतक गृहस्थांनी मला सुचवले, "तुमच्या मालिकेत परप्रांतातून आलेले एक बिऱ्हाड दाखवा. डुकरं काढा. लोक पोट धरून हसतील." लोक हसले असते, यात मलाही शंका नाही. पण तो हशा कुणाच्या मुलाला शाळेत भोगावा लागला असता, हा विचार काही डोक्यातून जाईना. तेव्हापासून मी टेबलाच्या कडेला एक चिठ्ठी डकवली आहे: प्राण्यावरून स्वभाव ठरेल, जात, गाव आणि भाषा ठरणार नाही. काकासाहेबांना आडनाव नाही, ते याच कारणाने. आमच्या चित्रमालिकेतल्या झाडावर कोण कुठले, हे कोणी विचारीत नाही. कोण कसे, एवढेच विचारतात.

काकासाहेबांची लेक

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावाहून सहावीतल्या मुलीचे पत्र आले. वहीच्या पानावर, जपून काढलेल्या अक्षरांत. तिने लिहिले होते, की तिला वर्गात 'कावळी' म्हणतात. तक्रार अशी काही नव्हती. पुढे फक्त प्रश्न होते. काकासाहेबांना मुलगी आहे का? असली तर ती शाळेत जाते का? तिला पण कोणी काही म्हणते का?

ते पत्र तीन आठवडे माझ्या टेबलावर होते. चार धीराचे शब्द लिहून पाठवणे सोपे होते. पण रंग कसाही असला तरी मन चांगले असावे, असला उपदेश तिने आजवर पुष्कळ ऐकला असेल, आणि त्यातला तो 'तरी' तिला बरोबर टोचला असेल. तिने मला मत विचारलेच नव्हते. तिने एक पात्र मागितले होते. उत्तर चित्रातच द्यायला हवे होते.

आता कावळ्याची मुलगी काढायची कशी? चित्रमालिकांत मादी प्राण्याची एक ठरीव रीत आहे. नर काढायचा, त्याला लांब पापण्या लावायच्या, डोक्यावर फीत बांधायची, झगा घालायचा, झाली मादी! मिकीची मिनी अशीच झाली आहे. पण खिडकीतल्या दोन कावळ्यांपैकी नर कोणता आणि मादी कोणती, हे मला आजही नुसते पाहून सांगता येत नाही. मग चित्रातच पापण्यांचा आग्रह का? मी पापण्या लावल्या नाहीत. लहान मूल वाटावे म्हणून तिला दोनच डोकी उंच केले, डोळे मोठे केले, आणि वाऱ्याने विसकटलेली दोन पिसे डोक्यावर उभी ठेवली.

चित्र पाहून साप्ताहिकातून फोन आला. आवाज आपुलकीचा होता. "पोरगी गोड झाली आहे हो. फक्त जरा उजळ करता का? करड्यात काढा. छपाईतही उठून दिसेल."

छपाईचा मुद्दा खोटा नव्हता. करड्या रंगात काम निम्म्या वेळात झाले असते. पण बाप काळा आणि लेक उजळ, असे चित्र ज्या दिवशी त्या गावात पोहोचेल त्या दिवशी वहीच्या पानावरच्या त्या तिन्ही प्रश्नांना काय उत्तर मिळेल? मी म्हटले, "बापाच्याच दौतीतली शाई वापरणार आहे." आणि हे बोलता बोलताच तिचे नाव सापडले. शाई! जिच्यावाचून या जगात एक अक्षर उमटत नाही, तिचे नाव.

पहिल्या मालिकेत शाई शाळेत जाते. शेजारी बसलेले चिमणीचे पोर तिला विचारते, "तू एवढी काळी कशी गं?" दुसऱ्या चौकटीत शाई विचार करते. तिसरीत ती फळ्याकडे बघते. चौथीत म्हणते, "बाईंना विचार. त्या रोज काळ्यावरच शिकवतात." भिंतीवरची पाल त्या दिवशी गप्प होती.

त्या अंकावर पुष्कळ पत्रे आली. एका वाचकांना ती शिकवणूक वाटली. त्यांचेही पत्र मी जपून ठेवले आहे. त्या मुलीचे पत्र महिन्याने आले. वर्गात अजून म्हणतात, असे तिने लिहिले होते; पण आता ती फळ्याकडे बघते आणि मग म्हणणाऱ्याकडे बघते. याखाली एक प्रश्न होता, आणि माझ्या मते पात्र खरे झाले की नाही याची याहून चोख परीक्षा नाही. तिने विचारले होते, "शाईला गणितात किती मिळाले? मला ४१ मिळाले."

शाईला मी ३९ दिले.

दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मुलांनी असे एखादे पात्र करायला काहीच हरकत नाही. वाघ-सिंहांच्या मागे लागू नये. ते आपल्या खिडकीत येत नाहीत. जो येतो तो धरावा: कबुतर, खार, मांजर, गल्लीतला कुत्रा, दिव्याभोवतालची पाल. आठ दिवस त्याच्याकडे नुसते पाहावे. तो कसा बसतो, कशाला भितो, खाताना काय करतो, कोण आले की निघून जातो. मग त्याला नाव द्यावे, त्याचे माप ठरवावे आणि बोलायला लावावे. कपडे शेवटी. बहुतेक वेळा ते त्याच्याजवळ असतातच. आपण नीट पाहिलेले नसते, एवढेच.